‘बाद’चा शिक्का मारण्यापूर्वी : सार्वजनिक ग्रंथालयांना एका सभासदाचे खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांची कार्यकारी मंडळे आणि ग्रंथपाल

विषय : आत्मचरित्रे व चरित्रे बाद करण्याबाबत आणि ती कपाटात मांडण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी, मी ज्या वाचनालयाचा बत्तीस वर्षे सभासद आहे तेथे पुस्तक बदलण्यासाठी गेलो होतो. देवघेव विभागाच्या बाजूला, जिन्याखाली, सुतळीने बांधलेले गठ्ठे रचून ठेवलेले होते. निर्लेखनाची, म्हणजे नोंदवहीतून कमी करायच्या पुस्तकांची, यादी मंजूर झाली होती आणि रद्दीवाला दुपारी येणार होता. सर्वांत वरच्या गठ्ठ्यात पाठीचे कापड सुटलेले, कोपरे झिजलेले एक पुस्तक दिसले, म्हणून मी विचारून ते ओढून काढले. ते आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ होते. आतल्या पानावर जांभळ्या शाईत दाखल क्रमांक, त्याच्यावर तिरका मारलेला ‘बाद’ हा ठसठशीत शिक्का, आणि शेवटच्या पानाला डकवलेल्या चिठ्ठीवर सात तारखा होत्या. सातवी तारीख १९९६ सालची होती. ग्रंथपालांनी ते पुस्तक मला तसेच देऊन टाकले. त्या गठ्ठ्यांत आणखी काय काय होते हे पाहण्याइतका वेळ मला मिळाला नाही, आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही. हे पत्र त्या रुखरुखीतूनच लिहीत आहे.

आपल्या अडचणी मला ठाऊक नाहीत असे नाही. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने गावोगावच्या वाचनालयांना मान्यता आणि अनुदान मिळण्याची वाट मोकळी केली, पण अनुदान मिळते म्हणून जागा वाढत नाही. दरवर्षी नवी खरेदी करावीच लागते, कपाटे तेवढीच राहतात, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, वाळवी आपले काम करत राहते, आणि अपुऱ्या मानधनावर काम करणाऱ्या ग्रंथपालाने पडताळणीच्या वेळी कोणते पुस्तक ठेवायचे आणि कोणते काढायचे याचा निर्णय एकट्याने घ्यायचा असतो. अशा वेळी ‘गेल्या दहा वर्षांत कोणी नेले नाही’ ही कसोटी सोपी वाटते. स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शके, कालबाह्य झालेली संगणकाची पुस्तके, पाच प्रती असलेली लोकप्रिय कादंबरी यांच्या बाबतीत ती कसोटी योग्यही आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आत्मचरित्राला आणि आठवणींच्या पुस्तकाला ती लावू नये. गणिताच्या जुन्या पुस्तकाची जागा नवे पुस्तक घेऊ शकते, परंतु एका माणसाने स्वतःच्या जगण्याविषयी जे लिहून ठेवले ते दुसरे कोणी पुन्हा लिहून देऊ शकत नाही.

हे मी पुण्याजवळच्या हिंगण्याच्या एका कुटुंबाच्या आधाराने सांगतो, कारण माझ्या हाती आलेले पुस्तक त्याच कुटुंबातले आहे.

धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक वाचनालयांत ते आजही असते, कारण लेखक भारतरत्न आहे, त्यांच्या नावाचे रस्ते आहेत, शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असतो. मुरुडचा एक मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री चढून पायी साताऱ्याला जातो आणि वय लहान दिसते म्हणून त्याला परीक्षेला बसू दिले जात नाही, हा प्रसंग ज्याने वाचला आहे तो विसरत नाही. पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. त्याच वर्षी ते फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले आणि ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. मुरुडकरांनी बहिष्कार घातला. १८९६ साली अनाथ बालिकाश्रम सुरू झाला, १९०० साली तो हिंगण्याला गेला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभे राहिले. हे सारे कर्वे शांतपणे, कोणाला दोष न देता, एखादा प्रामाणिक माणूस खर्चाची वही लिहितो तशा भाषेत सांगतात. त्या शांतपणाचा मी भक्त आहे. दिवसभर महाविद्यालयात शिकवायचे आणि संध्याकाळी पुण्याहून हिंगण्यापर्यंतची वाट पायी तुडवत आश्रमातल्या मुलींना शिकवायला जायचे, हे ज्याने वर्षानुवर्षे केले त्याच्या लेखणीत आरडाओरडा नसणारच.

पण अण्णा, म्हणजे धोंडो केशव कर्वे, हिंगण्याच्या वाटेवर चालत होते तेव्हा घरी कोण होते? त्या घरातली चूल, आजारी पडणारी मुले, महिनाअखेरीला उरणारे पैसे, हे सारे कोणी सांभाळले? ‘आत्मवृत्त’ वाचून याचे उत्तर पुरते मिळत नाही. ते मिळते १९४४ साली छापलेल्या ‘माझे पुराण’मध्ये, कारण लग्नापूर्वीच्या गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई, ज्यांना सर्वजण ‘बाया’ म्हणत. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्यात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच. पुनर्विवाहामुळे नवऱ्याला सोसावे लागले ते त्याच्या चरित्रात येते, परंतु पुनर्विवाह केलेल्या स्त्रीला पंक्तीत, पाणवठ्यावर, नात्यात काय सोसावे लागले हे तिनेच सांगायचे होते, आणि तिने ते कोकणातल्या घरच्या बोलीत, तक्रार असेल तेथे तक्रार करून, न कचरता सांगितले. नवऱ्याने आश्रमासाठी सर्वस्व द्यायचे ठरवले की त्या सर्वस्वात बायकोचा आणि मुलांचा वाटाही असतो. अण्णांविषयीचा आदर कोठेही कमी न होऊ देता बाया हे सांगतात, आणि ते वाचल्यानंतर ‘आत्मवृत्त’ पुन्हा उघडले तर तीच पाने वेगळी वाचली जातात. अण्णा लहान होत नाहीत. उलट, त्यांच्या कामाची खरी किंमत किती होती आणि ती कोणी कोणी चुकती केली, हे प्रथमच दिसते.

त्याच घरातले तिसरे पुस्तकही आहे. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले हिने १९२८ साली ‘माझी कहाणी’ प्रसिद्ध केली. लहान मूल पदरात असताना वैधव्य आले, मोठेपणी अक्षरांशी झगडून शिक्षण घेतले, हिंगण्याच्या आश्रमाची जबाबदारी वाहिली, वर्गणीसाठी गावोगाव हिंडली, आणि पहिले महायुद्ध संपण्याच्या सुमारास इंग्रजी शिकण्याच्या ध्यासाने अमेरिकेला जाऊन तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली. धुणीभांडी करण्यात तिला कमीपणा वाटला नाही. एका संस्थेविषयी, एकाच काळाविषयी, एकमेकांच्या इतक्या जवळच्या तीन माणसांनी स्वतंत्रपणे लिहिलेली तीन पुस्तके मराठीत आहेत, ही किती मोठी मिळकत आहे! माझ्या वाचनालयात यांपैकी पहिले ‘थोर पुरुष’ या कपाटात होते, दुसरे ‘स्त्री साहित्य’ या फळीवर होते आणि आता बाद झाले आहे, आणि तिसरे नोंदवहीत आहे पण कपाटात सापडत नाही. ही तीन पुस्तके एकमेकांना खेटून उभी असती, तर पहिले घ्यायला आलेल्या वाचकाचा हात आपोआप दुसऱ्यावर गेला असता. चिठ्ठीवर सातच तारखा पडल्या, त्याला वाचकांची उदासीनता कारण आहे असे मी म्हणणार नाही. जे पुस्तक दिसत नाही ते कोणी मागत नाही.

येथे मी मांडणीच्या प्रश्नावर येतो, आणि या प्रश्नावर मला जरा सविस्तर लिहू द्यावे.

चरित्र-आत्मचरित्राचे कपाट आपण अनेक ठिकाणी तीन-चार तुकड्यांत फोडले आहे. राष्ट्रपुरुष आणि संत एका बाजूला, नटनट्या आणि खेळाडू दुसऱ्या बाजूला, स्त्रियांच्या आठवणी तिसऱ्या फळीवर, आणि दया पवारांचे ‘बलुतं’, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’, बेबी कांबळ्यांचे ‘जिणं आमुचं’ ही पुस्तके ‘दलित साहित्य’ अशी चिठ्ठी लावलेल्या वेगळ्याच कपाटात. या वर्गवारीमागे सन्मानाचीच भावना होती, हे मी जाणतो. एके काळी या पुस्तकांना स्वतंत्र ओळख मिळणे आवश्यकही होते. पण आज त्याचा परिणाम असा झाला आहे की चरित्र वाचायला आलेला मनुष्य त्या कपाटाकडे वळतच नाही, कारण ते कपाट आपल्यासाठी नाही असे त्याला वाटते.

दोन पुस्तकांतली दोन दृश्ये मी आपल्यापुढे ठेवतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. तीत लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, असा त्या घराचा नियम होता. धान्य धुणे समजू शकते, पण तेथे मीठ आणि साखरही धुतली जाई. विरघळून जाणारी वस्तू पाण्याखाली धरणाऱ्या त्या बायकांच्या हातांकडे लक्ष्मीबाई ज्या माणुसकीने पाहतात, त्यामुळे वाचक हसतोही आणि त्याचा जीवही कळवळतो. आता दुसरे दृश्य. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपाने आले. तीत वीरगावच्या महारवाड्यातल्या बायका जळणाच्या मोळ्या घेऊन ब्राह्मणांच्या दारी विकायला जातात. मोळी टाकण्यापूर्वी त्यांना प्रत्येक काटकी हातात घेऊन तपासावी लागते, कारण एखाद्या फाट्याला त्यांच्या डोक्याचा केस किंवा लुगड्याचा दोरा अडकून राहिला तर घरमालकिणीचे घर बाटेल. एका पुस्तकात सोवळे घराच्या आतून दिसते, दुसऱ्यात तेच सोवळे उंबऱ्याबाहेर उन्हात उभे राहून पाहिलेले दिसते. दोन्ही लेखिका मराठीच, दोघींनाही शाळेची पायरी चढण्याचे सुख फारसे मिळाले नाही, दोघींची भाषा बोलती, ताजी. त्यांच्यामध्ये वाचनालयात किती फळ्यांचे अंतर असते, हे आपण एकदा मोजून पाहावे. ती दोन पुस्तके एकाच आठवड्यात एकाच माणसाने वाचली, तर अस्पृश्यता म्हणजे काय हे त्याला कोणत्याही भाषणापेक्षा अधिक खोल कळेल, असा माझा अनुभव आहे. मला स्वतःला ते कळायला पन्नाशी यावी लागली, कारण मी पहिले पुस्तक शाळेत वाचले आणि दुसरे इतक्या उशिरा माझ्या हाती पडले.

बेबीताईंच्या पुस्तकाविषयी आणखी एक गोष्ट येथे सांगणे योग्य होईल. फलटणमध्ये त्यांचे छोटे दुकान होते, आणि पुड्या बांधण्यासाठी आलेले रद्दीचे कागद त्या गल्ल्यावर बसल्या बसल्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या, पण लिहिलेले घरच्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवले. पुढे अभ्यासासाठी फलटणला राहिलेल्या मॅक्सिन बर्नसन यांनी ते लेखन पाहिले, तेव्हा ते आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि नंतर पुस्तकरूपाने लोकांपुढे आले. ज्या बाईने रद्दीतून वाचन उचलले, तिच्या पुस्तकावर ‘बाद’ हा शिक्का पडून ते पुन्हा रद्दीत जाऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आत्मचरित्रांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. लोक स्वतःविषयी खरे लिहीत नाहीत, स्मरण दगा देते, तारखा चुकतात, जुनी भांडणे पुस्तकातून भांडली जातात. हा आक्षेप खोटा नाही. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही पत्नी वारल्यावर १८७३ साली अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करून मोकळे झाले, एवढेच एखाद्या लेखात वाचले तर माणूस त्यांना दोष देऊन पुढे जातो. त्या मुलीने, म्हणजे रमाबाई रानडे यांनी, १९१० साली प्रसिद्ध केलेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ वाचल्या तर वडिलांच्या शब्दापुढे हरलेला आणि त्या हरण्याची लाज आयुष्यभर वागवणारा एक मनुष्य दिसतो, आणि त्याच घरात चोरून शिकणारी, घरातल्या बायकांचे टोमणे सोसणारी एक मुलगी दिसते. रमाबाई पतीविषयी पक्षपाती आहेत का? आहेत. पण त्या पक्षपातावरही दिवसाचा उजेड पडलेला आहे, आणि वाचक तो लक्षात घेऊन वाचू शकतो. त्यावर उतारा म्हणून वाचकाला दुसरा साक्षीदार द्यावा लागतो, चरित्रकार द्यावा लागतो. धनंजय कीर मुंबई महापालिकेत नोकरी करत होते, आणि त्यांनी सावरकर, आंबेडकर, फुले, टिळक, शाहू महाराज अशी एकाहून एक मोठी चरित्रे लिहिली. बाबासाहेबांचे त्यांनी लिहिलेले चरित्र १९५४ साली, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच बाहेर आले. चरित्रकार कागद जमवतो, तारखा जुळवतो, साक्षी तपासतो. आत्मचरित्रात चुकलेली तारीख तेथे दुरुस्त होते, आणि चरित्रात जे येऊ शकत नाही, म्हणजे मीठ धुणाऱ्या हाताचा गारवा, ते आत्मचरित्रात मिळते. म्हणून एका कपाटात दोन्ही हवीत, आणि शेजारी शेजारी हवीत.

मुलांच्या बाबतीत माझे मत जरा आग्रहाचे आहे. बाल विभागात ‘थोरांची चरित्रे’ म्हणून जी बत्तीस पानी पुस्तके असतात, ती असावीत. मीही त्यांवरच वाढलो. पण आठवी-नववीतल्या मुलाला किंवा मुलीला मूळ आत्मचरित्र मागितल्यावर ‘हे मोठ्यांचे आहे’ असे सांगून परत पाठवू नये. बत्तीस पानांत थोर मनुष्य जन्मापासूनच थोर असतो. मूळ पुस्तकात तो परीक्षेला नाकारला जातो, उपाशी राहतो, आईशी खोटे बोलतो, चुकतो, आणि पुढे काय होणार हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. चौदा वर्षांच्या मुलाला हाच धीर हवा असतो. एखाद्या चरित्राने काय घडते याचे एक उदाहरण गोव्यातले आहे. साखवाळ या गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींना, शिक्षण अर्धवट राहिलेले आणि नारळीपोफळीची बाग सांभाळायची असताना, ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकातले बुद्धाचे चरित्र वाचायला मिळाले. त्या वाचनाने त्यांना घरी स्वस्थ बसू दिले नाही. १८९९ साली ते घराबाहेर पडले, पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी पायपीट करत, अन्नछत्रांत जेवत, शेवटी सिंहलद्वीपाला पोहोचले आणि पाली भाषेचे जगन्मान्य पंडित झाले. ही सारी वाटचाल त्यांनी ‘निवेदन’ या आत्मचरित्रात लिहिली आहे. ते मासिक त्या कोपऱ्यातल्या गावी कोणीतरी पोहोचवले, कोणीतरी जपून ठेवले, म्हणून ते त्या तरुणाच्या हाती पडले.

जपून ठेवणे हे किती लांबच्या पल्ल्याचे काम आहे, हे पेणजवळच्या वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या पुस्तकावरून दिसते. घरची गरिबी आणि डोक्यावरचे कर्ज यांमुळे हा भिक्षुक ब्राह्मण १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे गेला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीचा वेढा त्याने शहराच्या आत राहून पाहिला. लुटला गेला, उपाशी हिंडला, आणि तरीही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन परत आला. चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे १८८३ साली लिहून काढले, पण ‘माझा प्रवास’ छापला गेला १९०७ साली. त्यातही वैद्यांनी भाषेत आणि मजकुरात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ साली आली. म्हणजे लिहिल्यापासून त्र्याऐंशी वर्षांनी वाचकाला विष्णुभटाचे स्वतःचे शब्द मिळाले, आणि ते मिळाले कारण एवढा काळ तो कागद कोणीतरी कोरड्या जागी ठेवला होता. त्या काळात किती जणांनी तो ‘देवघेवीत’ नेला होता, हा प्रश्न कोणी विचारला असता तर आज आपल्याकडे काय उरले असते?

विष्णुभट काही थोर पुरुष नव्हता. आपल्या गावाच्या वाचनालयातही असे विष्णुभट आहेत, आणि माझी खरी काळजी त्यांच्याविषयीच आहे. लक्ष्मीबाईंची, रमाबाईंची पुस्तके पुन्हा छापली जातील. एका ठिकाणी बाद झाली तरी दुसरीकडे मिळतील. पण निवृत्त शिक्षक, पोस्टमास्तर, गिरणी कामगार, ग्रामसेविका, सुईणी यांनी स्वखर्चाने मोजक्या प्रती छापून गावच्या वाचनालयाला भेट दिलेली आठवणींची पुस्तके एकदा गेली की गेली. माझ्या वाचनालयात अशा एका प्राथमिक शिक्षकाचे ऐंशी पानांचे पुस्तक होते. १९७२च्या दुष्काळात त्यांच्या वर्गातली निम्मी मुले आईबापांबरोबर खडी फोडायला जात. गुरुजी दुपारी शाळा सुटल्यावर कामावर जाऊन तेथेच हजेरी घेत आणि दगडावर कोळशाने अक्षरे काढून दाखवत. सुकडीच्या घमेल्याभोवती मुले कशी बसत, कोणाच्या हाताला किती घट्टे पडले होते, कोणती मुलगी पुढे शाळेत परत आलीच नाही, हे त्यांनी लिहिले होते. पुस्तकावर ‘सप्रेम भेट’ आणि त्यांची थरथरती सही होती. त्या दुष्काळावर सरकारी अहवाल आहेत, मोठ्या विद्वानांचे ग्रंथ आहेत. दगडावर काढलेले कोळशाचे अक्षर मात्र तेवढ्या एकाच पुस्तकात होते. ते पुस्तक आता कपाटात नाही. त्या दिवशीच्या गठ्ठ्यांत ते होते की नाही, हे मला कळू शकले नाही.

म्हणून माझी विनंती आहे की निर्लेखनाची यादी करताना आत्मचरित्र, आठवणी, रोजनिशी, प्रवासातल्या हकिकती आणि स्थानिक व्यक्तींची चरित्रे यांची यादी वेगळी काढावी, आणि ती यादी मंजुरीपूर्वी पंधरा दिवस सूचनाफलकावर लावावी. गावात एखादा तरी मनुष्य असा निघेल की जो ‘हे राहू द्या’ म्हणून उठून येईल. ज्या पुस्तकाची दुसरी प्रत जिल्ह्यातल्या कोणत्याही वाचनालयात नाही ते कोणत्याही परिस्थितीत बाद करू नये. फाटले असेल तर बांधणीला द्यावे, आणि बांधणीचा खर्च परवडत नसेल तर सभासदांना तसे सांगावे. एका पुस्तकाची बांधणी करून देणारे दहा सभासद मी माझ्या एकट्याच्या ओळखीने उभे करू शकतो. कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे पुस्तक सर्वांसाठी खुले होते. धोंडो केशव कर्वे १९६२ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘आत्मवृत्त’ आता कोणीही छापू शकतो, त्याची छायाप्रत करून संगणकावर ठेवू शकतो. लक्ष्मीबाई आणि रमाबाई यांची पुस्तके तर कधीच खुली झाली आहेत. महाविद्यालयातल्या मुलांना हाताशी धरून, मोबाइलच्या कॅमेऱ्याने का होईना, जीर्ण पुस्तकाच्या पानांची नीट छायाचित्रे काढून ठेवणे हे एका सुटीचे काम आहे.

मांडणीच्या बाबतीत मला एवढेच सुचवायचे आहे की एक फळी तरी रिकामी करून पाहावी आणि तिच्यावर एकमेकांशी बोलणारी पुस्तके एकत्र ठेवावीत: हिंगण्याची तीन, त्यांच्याजवळ रमाबाई आणि लक्ष्मीबाई, लक्ष्मीबाईंना लागून बेबीताई. वर्गीकरणाचा क्रमांक बदलण्याची गरज नाही. फळीवर एक पाटी पुरे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे १८४० सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. छापील मराठी पुस्तके आजच्यासारखी सहज मिळत नव्हती अशा काळात ज्यांनी वाचनालये काढली, त्यांच्या वारसांना एक फळी हलवणे अवघड जाणार नाही, असा मला विश्वास आहे.

जिन्याखालून उचललेले ‘माझे पुराण’ माझ्याकडे आहे. मी त्याची बांधणी करून घेतली आहे, सुटलेली दोन पाने पातळ कागदाने जोडली आहेत, आणि बांधणाऱ्याला सांगून तारखांची जुनी चिठ्ठी होती तशीच राहू दिली आहे. येत्या सोमवारी ते घेऊन मी वाचनालयात येणार आहे. ते पुन्हा दाखल करून घ्यावे, त्याला नवा क्रमांक द्यावा आणि ‘आत्मवृत्ता’च्या उजव्या बाजूला उभे करावे, ही माझी विनंती आहे. चिठ्ठीवर आठव्या तारखेसाठी जागा आहे, आणि ते पुस्तक प्रथम नेण्यासाठी शेजारच्या गल्लीतल्या नववीतल्या एका मुलीने आधीच माझ्याकडे नाव सांगून ठेवले आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सभासद